डावा सिग्नल

१

केसरीनाथ तरे गेले, हे क्षितिजाला पटलं होतं. अग्नी तिनेच दिला होता, त्यामुळे न पटून चालण्यासारखं नव्हतं. पटत नव्हता तो मंगळवार.

फौजदारांना त्यात काहीच अडचण दिसली नाही. भिवंडीत दोन कारखान्यांच्या मधोमध एक जुनी मागाची शेड, शटर खाली ओढलेलं, आत खाटेवर दुपारचे झोपलेले सत्तरीचे गृहस्थ. शेजारी त्यांची लाडकी १९४९ सालची ऑस्टिन, किल्ली चालू, पेट्रोलची टाकी कोरडी. धुराने माणूस झोपेतच गेलेला.

"ऐकायला कमी यायचं ना त्यांना? गाडी चालू ठेवून आडवे झाले असतील. म्हातारपणी विसरतात माणसं, मॅडम."

क्षितिजा 'हो' म्हणाली. कॉलेजच्या ग्रंथालयात सोळा वर्षं काढल्यामुळे कोणाशी वाद घालायचा आणि कोणाला पुस्तक देऊन वाटेला लावायचं, हे तिला कळत होतं.

बाबांचे कान यंत्रमागांनी खाल्ले होते. सगळी हयात मागांची फिटिंग करण्यात गेली. झोपताना ते कानातलं यंत्र काढून उशाशी डबीत ठेवत. पण बहिरे असले तरी इंजिन त्यांना ऐकू येई. पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. फक्त त्यासाठी शेजारचे माग बंद हवेत. नाहीतर इंजिन राहतं बाजूला आणि हाडात मागांचीच खटखट भरते. म्हणून ऑस्टिन सुरू व्हायची ती शुक्रवारी, गल्लीतल्या सुट्टीच्या दिवशी. मग दोघं बापलेक तिला एक फेरी मारून आणत. क्षितिजा चालवायची आणि बाबा शेजारी बसून गिअरवरचा हात बघत राहायचे.

मंगळवारी दोन्हीकडचे माग धडधडत होते. त्या दिवशी बाबांनी किल्लीला हातही लावला नसता.

ती रिकाम्या खाटेवर बसली. रडू आलं, तिने ते थांबवलं. गाडी दुसऱ्या कोणीतरी सुरू केली होती. बाबा झोपलेले आहेत, बहिरे आहेत, हे ठाऊक असलेल्या कोणीतरी. शटर खाली ओढून तो माणूस शांतपणे उन्हात निघून गेला होता.

रडणं नंतर. आधी तो.

२

बाबा जाण्याच्या आठवडाभर आधी त्यांचं भांडण झालं होतं ते खलीलशी. अख्ख्या गल्लीने ऐकलं होतं.

खलीलचं नाक्यावर गॅरेज होतं. दोन वर्षं तो बाबांच्या जोडीला ऑस्टिनवर राबत होता. 'माझ्यावर संशय आहे का,' असं त्याच्या नजरेत वाचून क्षितिजाने सरळच विचारलं, "कशावरून भांडलात?"

"सिग्नलवरून!" खलीलने हातातलं फडकं आपटलं. "ताई, या गाडीला दिव्याचे इंडिकेटर न्हाय हो. दोन्ही बाजूंना दारांमधल्या खांबांत वीतभर लांबीचे हात असतात, नारिंगी काचेचे. कळ फिरवली की हात बाहेर येतो आणि पेटतो. उजवा होता. डावा कोणीतरी कधीचा तोडून, भोकावर पत्रा मारून, पुट्टी भरून, रंग फासून टाकलेला. मी कुर्ल्याहून डावा शोधून आणला. अस्सल! केसरीभाऊ म्हणाले, हा न्हाय बसवायचा, जुनाच बसेल. मी म्हटलं, जुना आहे कुठे? तर माझ्यावरच ओरडले. म्हटलं, जाऊ द्या, मास्टर तुम्ही, आम्ही हेल्पर!" त्याचा आवाज घसरला. "मी परत गेलोच न्हाय, ताई. गेलो असतो तर..."

ती त्याला शेडवर घेऊन आली. गाडी काळीभोर चकाकत होती. जवळच्या वडपे गावाहून आली तेव्हा ती मळक्या सायीच्या रंगाची होती. तो रंग खरवडल्यावर खाली काळा निघाला आणि बाबांनी ठरवलं, कंपनीतून निघाली तशीच करायची. रंग तोच, वायर तीच, स्क्रूसुद्धा तसेच.

खलीलने बॉनेट उघडलं आणि तो थबकला.

"ही बॅटरी कोणी लावली?"

"का?"

"उलटी आहे. ताई, आजच्या गाड्यांत मायनसची वायर बॉडीला असते. या जुन्या विलायती गाड्यांत प्लसची. मधे कोणीतरी हिला आजच्यासारखी करून ठेवलेली. दिवाळीनंतर भाऊंनी आणि मी ती पुन्हा मूळची केली. आता बघा, मायनस बॉडीला!"

"अशाने सुरू होते?"

"होते ना. फक्त विजेच्या या काट्याची चाल उलटी होते, आणि पुढे एखादी वस्तू जळते. पण भाऊ? भाऊ रोज काम संपलं की वायरी काढून ठेवायचे. झोपेतसुद्धा उलटी लावली नसती त्यांनी."

त्याने मायनसची पकड हलवली. ती सैल होती. बॅटरीच्या दोन खुंट्या सारख्या जाडीच्या नसतात. जाड खुंटीची पकड बारीक खुंटीवर बसवली तर खुळखुळते. ती खुळखुळू नये म्हणून कोणीतरी फटीत काहीतरी कोंबलं होतं. खलीलने चिमट्याने ते ओढून काढलं.

औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद होता. घड्यांवर घड्या घालून पट्टीसारखा केलेला.

"भाऊ गोळ्या घ्यायचे?"

"नाही," क्षितिजा म्हणाली. "कधीच नाही."

३

दुसऱ्या दिवशी दीपेश आपणहून आला, बाबांच्या बालमित्राचा मुलगा. वडप्याला त्याचं गोडाऊन होतं आणि शेडमागची जागा त्याने दोन वर्षांपूर्वी घेतली होती. कंटेनर आत न्यायचा तर शेड आडवी येत होती. त्याने हात जोडले, दोन शब्द बोलला आणि लगेच मुद्द्यावर आला.

"घाई नाही, ताई. पण शेडचं काय ते ठरव. केसरीकाकांनी दोन वर्षं टोलवलं मला."

"ठरवते. तुम्हीच दिली ना ही गाडी त्यांना?"

"हो. आमच्या गोडाऊनच्या प्लॉटवर गंजत होती, उचलून दिली. तेव्हा आमचे बाबा अकलोलीला होते. गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या कुंडात बसायला जातात. परत आले आणि जो तमाशा! कोणाला विचारून दिलीस? दोन दिवस जेवले नाहीत. केसरीकाकांना म्हणाले, नवी कोरी गाडी घे, ती परत दे. काका कसले ऐकतायत!"

"नंतर बोलणं झालं दोघांचं?"

"भेट नाही. पण काका गेले त्याआधीच्या रविवारी त्यांचा फोन आला होता, बाबा अंघोळीला होते. म्हणाले, सावळाला एवढंच सांग, डाव्या बाजूचा सिग्नल सापडला." दीपेश हसला. "एका पार्टसाठी फोन! मी सांगितलं बाबांना. तर त्या दिवशी पण जेवले नाहीत. या म्हाताऱ्यांचं काय कळत नाही आपल्याला."

क्षितिजा गाडीकडे वळली.

"गाडी जरा पुढे घ्यायचीय. घेता का?" तिने किल्ली पुढे केली. बॅटरी खलीलने आदल्याच दिवशी नीट लावली होती, टाकीत पेट्रोलही होतं.

दीपेश ऐटीत आत बसला. किल्ली फिरवली, थांबला. पुन्हा फिरवली. मग समोरची एक खुंटी ओढली, तर वायपर फिरायला लागले. दुसरी ओढली, हेडलाइट लागले.

"मेलीय ही," तो खाली उतरत म्हणाला. "घरची असून बाबांनी कधी हात लावू दिला नाही आम्हाला."

ऑस्टिन किल्लीने सुरू होत नाही. किल्लीने फक्त वीज येते. मग थंड इंजिनाला चोक द्यायचा आणि स्टार्टरची वेगळी खुंटी ओढायची. नाटकी माणसाचा हात योग्य खुंटीपाशी जाऊन अडखळला असता. दीपेशला ती कुठे आहे हेच ठाऊक नव्हतं.

तो गेल्यावरही क्षितिजा तिथेच उभी राहिली. गाडीचा एक पार्ट सापडला म्हणून एखादा माणूस जेवण का टाकेल?

४

घरी राहीकाकू ओट्यापाशी बसून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती. क्षितिजाची ही धाकटी काकू. बाबांचा भाऊ दामू बत्तीस वर्षांपूर्वी गेला तेव्हा ती विशीतही नव्हती. माहेरी परतली नाही, याच घरात राहिली, आणि आई गेल्यावर क्षितिजाला तिनेच वाढवलं.

"काकू, बाबांनी शेवटच्या दिवसांत तुझ्याकडे काही मागितलं होतं?"

काकूचे हात थांबले. "तुला कोनी सांगितलं? त्यो तुकडा नेला माझा. म्हनले, राही, चार दिस दे, परत आनून देतो. न्हाय दिला."

तुकडा म्हटल्याबरोबर क्षितिजाच्या डोळ्यांपुढे सगळं घर नारिंगी झालं. लहानपणी ताप आला की काकू पेटीतून तो बोटभर तुकडा काढून द्यायची. डोळ्याला लावला की अंगण, कोंबड्या, बाबांची सायकल, सगळं संध्याकाळ झाल्यासारखं दिसे. तो कशाचा आहे, हे कधी कोणी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं.

"कुठला होता गं तो?"

"त्यांच्या मुठीत व्हता." काकू सोड्यांकडे बघत म्हणाली. "वडप्याच्या वळनावर पडलं व्हतं ते. कंची गाडी मारून गेली, कोनाला ठावं न्हाय. रात सारी तिथंच. सकाली मूठ उघडली तं ह्यो तुकडा. पोलिसांनी फेकून दिला, मी उचलला. त्यांनी शेवटी धरलेली वस्तू ती."

"सकाळी कोणी बघितलं त्यांना?"

"सावळानं. त्यानंच गाडीत घालून आनलं घरी. खांदा बी दिला. अजून भाऊबीजेला लुगडं पाठवतो मना." तिने मान वर केली. "का गं?"

सावळाराम भोईर म्हणजे दीपेशचे वडील, बाबांचे बालमित्र, ऑस्टिनचे जुने मालक.

"काकू, तेव्हा त्यांची गाडी कुठल्या रंगाची होती?"

"काली. त्याच सालात रंगवली पांढरी. म्हनला, काली गाडी आता बघवत न्हाय."

५

सावळारामकाकांनी तिला जवळ बसवून घेतलं. "बाय माझी," म्हणून डोळे पुसले. मग गुडघा चोळत एक गोळी काढून पाण्याबरोबर घेतली.

दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात एक जुना गाडीचा रेडिओ ठेवला होता.

"ऑस्टिनचा?" तिने विचारलं.

"तिचाच! ठाण्यावरून बसवून आनलेला. सबंद वायरिंग फिरवावं लागलं त्याच्यासाठी. तालुक्यात कोनाच्या गाडीत रेडिओ नवता. बावीस वर्सं चालवली मी तिला. डोलं मिटून चालू करीन अजून."

"नंतर पाहिलीत तिला? बाबांनी नवी केल्यावर?"

"न्हाय गं. दीपेशनं दिली त्या दिवसापासून तोंड न्हाय बघितलं तिचं. जीव तुटतो." मग जरा थांबून, वेगळ्या सुरात, "केसरीचं सामान आवरलं का? काय जुनंपानं सापडलं तिथं?"

"काय सापडायला हवं होतं?"

"असंच. आठवनी असतात मानसाच्या."

बोलता बोलता त्यांची बोटं चालू होती. गोळीच्या पाकिटाचा रिकामा चंदेरी कागद त्यांनी दुमडला, नखाने घडी दाबली, पुन्हा दुमडला. पट्टी तयार झाली तशी ती चहाच्या बशीत टाकली. आपण काय केलं, याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

क्षितिजाने चहा संपवला. कपबशी आत नेऊन ठेवायला उठली तेव्हा पट्टी तिच्या रुमालात गेली होती.

"शुक्रवारी शेडवर या, काका," ती दारात म्हणाली. "नवी झालेली गाडी एकदा तुमच्यासमोर निघावी, असं बाबांच्या मनात होतं. दीपेशलाही आणा. काकू येणार आहे."

काकूचं नाव आल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही.

ती थेट शेडवर गेली. मंगळवारी कोणीतरी इथे शोधाशोध केली होती, हे तिला आता कळत होतं. खण अर्धवट उघडे होते आणि बाबांचा पेचकस चुकीच्या खिळ्यावर लटकत होता. सावळारामांना हवं होतं ते सापडलं नव्हतं, म्हणून तर त्यांनी आज तिला विचारलं. मग तुकडा होता कुठे?

जुनाच बसेल, असं बाबा खलीलला म्हणाले होते.

ती ऑस्टिनमध्ये बसली, किल्ली फिरवली आणि स्टिअरिंगच्या मधोमध असलेली छोटी कळ डावीकडे वळवली.

खांबातून बाहेर आलं ते तिने वाकून बघितलं. मग तिने खलीलला फोन लावला.

६

शुक्रवारी गल्ली मुकी होती. माग बंद असले की भिवंडीत स्वतःचाच श्वास मोठा वाटतो. शेडचं शटर पूर्ण वर होतं. खाटेवर राहीकाकू, दाराशी दीपेश, खुर्चीत काठी टेकून सावळाराम. काळ्या ऑस्टिनशेजारी काकूला बघून त्यांचा चेहरा उतरला होता.

"खलीलभाई, लावा बॅटरी," क्षितिजा म्हणाली.

खलीलने बॉडीची वायर उचलली आणि सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी, प्लसच्या खुंटीकडे नेली.

"आरं, आरं! उलटी लावतो का काय?" सावळाराम खुर्चीतून अर्धे उठले. "मायनस बॉडीला हाय तिची!"

"होती, काका," क्षितिजा म्हणाली. "रेडिओसाठी तुम्ही फिरवून घेतली होती. दिवाळीनंतर बाबांनी पुन्हा मूळची केली. तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही तिला नंतर पाहिलीच नाहीत."

"तेच सांगतो ना मी."

"पण मंगळवारी कोणीतरी ती तुमच्यासारखीच लावली होती. पकडी बसत नव्हत्या, तरी त्याला शंका आली नाही. त्याने एकीत कागद कोंबला आणि गाडी सुरू केली."

"जगात समदेच मायनस बॉडीला लावतात!"

"लावतात. दीपेशनेही लावली असती, पण त्याला ही सुरू करता येत नाही. मी बघितलंय. खलीलभाईंना सुरू करता येते, पण त्यांचा हात चुकला नसता. त्या माणसाला ही गाडी पाठ होती, काका. पण बाबांनी केलेली गाडी ठाऊक नव्हती." तिने रुमाल उघडला. "ही पट्टी बॅटरीतली. आणि ही तुमच्या बशीतली."

दीपेशने दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या. उलटून पाहिल्या. लहानपणापासून असल्या पट्ट्या त्याने घरभर बघितल्या असणार.

"गुडघ्याच्या गोळ्या आख्खा तालुका खातो," सावळाराम म्हणाले. आता तोंडात 'बाय माझी' नव्हतं. "कोनाला पटवशील ह्यावर?"

"पोलिसांना काय पटेल ते ते बघतील. आधी मला तुम्हाला एक दाखवायचं होतं. तुम्ही शोधून दमलात, ते."

खलीलने वायर प्लसवर आवळली तशी तिने आत हात घालून आधी किल्ली, मग कळ फिरवली.

डाव्या खांबातली फट खट्टकन उघडली आणि पोटातून एक हात बाहेर आला. इतके दिवस तो मिटून गाडीच्या अंगातच बसला होता. नारिंगी उजेड लागला. टोकाकडच्या भागाला वेडीवाकडी चीर होती. चिरेपलीकडचा तुकडा जुनाट आणि जरा जास्त गडद होता, कडा बोटांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. पत्र्याखाली खांबातच राहिलेल्या मूळच्या मोडक्या हाताला बाबांनी तो असा जोडला होता, की दोन्हीकडचे दाते एकमेकांत रुतून बसले होते.

राहीकाकू उठली. गाडीपाशी आली आणि त्या पेटलेल्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"माझा हाय," ती म्हणाली.

मग ती वळली. आवाज चढवला नाही.

"ते जितं व्हतं का, सावळा?"

सावळारामांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग खलीलकडे, मग उघड्या शटरकडे. काठी हातातून सुटून लादीवर वाजली.

"पानी मागत व्हता," ते म्हणाले.

आणि आपल्या तोंडून काय गेलं, ते कळून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

या क्षणाची क्षितिजाने किती कल्पना केली होती. आपण ओरडू, त्यांची गचांडी धरू, हेच शटर खाली ओढून आत त्यांना एकटं ठेवू. आता तिला एवढंच दिसलं, की दीपेश भिंतीला टेकला आहे आणि बापाकडे एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसा बघतो आहे. तिला हवं होतं ते हेच. त्याहून कमी नाही.

"मी म्हातारा झालोय गं, बाय," सावळाराम पुटपुटले. "गुडघे गेले. केसरी बोभाटा करनार व्हता. या वयात..."

"चालायचं नाहीये तुम्हाला, काका. पोलीस ठाण्यापर्यंत मी सोडते."

ते हलले नाहीत. शेवटी दीपेशनेच पुढे होऊन ऑस्टिनचं मागचं दार उघडलं. "बसा, बाबा."

राहीकाकू पुढे बसली. मागे खलील आणि दीपेशच्या मधे सावळाराम. क्षितिजाने चोक ओढला, स्टार्टर ओढला. मुक्या गल्लीत इंजिन बोलू लागलं, एकसारखं, कुठेही न अडखळता. बाबांनी डोळे मिटून मान हलवली असती.

पोलीस ठाणं जवळ होतं. क्षितिजाने गाडी वडप्याच्या रस्त्याला घातली.

"हिकडं कुठं?" मागून आवाज आला.

वडप्यात ती पहिल्या गिअरमध्ये चालली होती. गोडाऊनच्या दारातले हमाल बघू लागले. देवळाच्या कट्ट्यावर सावळारामांच्या वयाची माणसं बसली होती. त्यांतला एक उठून रस्त्यावरच आला, हात कपाळाशी धरून.

"आरं, ही सावळारामशेठची काली गाडी! जशीच्या तशी! कवाशी बघितली न्हाय, दामू गेला त्या सालापासनं!"

मागच्या सीटवर पांढरं डोकं गुडघ्यांपर्यंत वाकलं.

"वर बघ, सावळा," राहीकाकू समोर बघतच म्हणाली. "लोक वलखतात तुला."

पुढे ते वळण आलं, दामूकाका रात्रभर पडला होता ते. क्षितिजाने गाडी अगदी सावकाश केली आणि कळ डावीकडे फिरवली.